विक्रमराजा, चौथा मजला

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आमच्या घराचं छत धावू लागतं. धप्प, धप्प, धप्प, अगदी ठेक्यात. चहावर धरलेल्या सायीला बारीक सुरकुत्या पडतात. मधेच एखादा थोरला ‘धाड्’ येतो आणि ट्यूबलाइटवरची धूळ माझ्या पेपरावर उतरते. मग पुन्हा धप्प, धप्प. अर्ध्या तासाने सगळं शांत होतं आणि वर कुणीतरी खुर्ची ओढून तिच्यात कोसळतं.

आमच्या डोक्यावर, म्हणजे चौथ्या मजल्यावर, जोगळेकर राहतात. सोसायटीत हल्ली त्यांना जॉगळेकर म्हणतात.

जोगळेकर हे ‘वाचून आलेले’ गृहस्थ आहेत. बेसिनखालचा पाइप गळला तर तुम्ही-आम्ही प्लंबरला फोन करतो. जोगळेकर आधी पाण्याच्या दाबावर वाचतात. त्यांचं वाचून होईपर्यंत पाणी आमच्याकडे पोचलेलं असतं. मुलाचं नाव ठेवतानाही त्यांनी बरंच वाचलं आणि ओजस ठेवलं. ओजस आता दहा वर्षांचा आहे. तो सोफ्यावर बसतो असं म्हणणं अपुरं आहे, तो तिथे मुरतो. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जोगळेकरांनी तो कागद छापून फ्रिजवर चिकटवलाय. ओजस दिवसातून सात-आठ वेळा त्या कागदासमोर येऊन उभा राहतो आणि फ्रिज उघडतो.

या मुलाला हलवण्याचे प्रयोग जुने आहेत. पोहण्याचा क्लास कानात पाणी जाऊन बुडाला. सायकल जिन्याखाली आहे, तिच्यावर पायपुसणी वाळतात. मग पावलं मोजणारं घड्याळ आलं. दिवसाला आठ हजार पावलं भरली तर रविवारी पिझ्झा, असा करार झाला. पहिल्याच गुरुवारी बारा हजार भरली आणि जोगळेकरांनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. अंगठ्यांचा पाऊस पडला. पुढे कळलं, की त्या दिवशी घड्याळ आजींच्या मनगटावर होतं आणि आजी भजनी मंडळात टाळ वाजवत होत्या. घड्याळ बिचारं हात हलला की पाऊल धरतं. त्याच्या हिशेबाने आजी मांडी घालून बसल्या बसल्या पंढरपूरच्या वाटेला लागल्या होत्या.

“चूक आपलीच होती,” जोगळेकर मला लिफ्टमध्ये म्हणाले. ते ज्ञान नेहमी लिफ्टमध्येच वाटतात, कारण तिथून माणसाला पळता येत नाही. “आपण मुलाला व्यायाम दिला, गोष्ट दिलीच नाही.”

मी नुसतं “हं” म्हटलं. तेवढं त्यांना पुरतं.

त्यांनी सुरुवात २००६ सालापासून केली. त्या वर्षी निन्टेंडोने ‘वी’ नावाचं यंत्र काढलं. हातातला रिमोट रॅकेटसारखा फिरवायचा, की पडद्यावर टेनिस. पोरं उठून खेळतील अशी सगळ्यांची कल्पना. पण थोड्याच दिवसांत लोकांना शोध लागला, की सोफ्यावर रेलून नुसतं मनगट झटकलं तरी तोच पॉइंट मिळतो. (हे ओजसच्या जन्माआधीचं असूनही मला त्यात त्याचीच शैली दिसली.) मग ह्यूस्टनच्या टॉम बॅरनोव्स्की यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग. नऊ ते बारा वर्षांच्या मुलांना घरी ‘वी’ दिलं, काहींना अंग हलवायचे खेळ, काहींना बसून खेळायचे. तेरा आठवड्यांत मुलांची हालचाल यंत्राने मोजली.

“फरक शून्य!” जोगळेकर इतक्या आनंदाने म्हणाले, की शून्य त्यांच्या खात्यात जमा झालं असावं. “का? कारण खेळात गोष्ट नव्हती. बॉस्टनच्या एमी लू बाईंनी काय केलं? खेळ तोच ठेवला, मधेमधे गोष्ट घातली. गोष्टवाल्या मुलांची पावलं जास्त भरली. नुसती तलवार फिरव म्हटलं तर पोर कंटाळतं. कशासाठी फिरवायची ते कळलं, की...”

तिसरा मजला आला. त्यांनी दारात पाय घातला आणि वाक्य पूर्ण केलं. पाचव्या मजल्यावरच्या काकू खालून बटण दाबत राहिल्या.

दिवाळीत त्यांचा मेव्हणा न्यू जर्सीहून आला आणि त्याच्याबरोबर ‘रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर’ आलं. २०१९ सालचा हा खेळ. स्टीअरिंगएवढं एक लवचीक कडं दोन्ही हातांत धरायचं आणि एक पट्टी मांडीला बांधायची. जागेवर धावलं की पडद्यावरचा माणूस धावतो. राक्षस आडवा आला तर बैठका मारायच्या, गुडघे वर उचलायचे, वृक्षासन करायचं. जितका घाम तुमचा, तितका मार राक्षसाला. आणि गोष्ट आहे. कडं बोलतं. सुरुवातीलाच आपल्या भोळेपणामुळे कड्यात कोंडलेला ड्रॅगॉ बाहेर सुटतो. हा ड्रॅगन आग ओकायच्या फंदात फारसा पडत नाही, दंडाच्या बेडक्या दाखवतो. तालमीत वाढलेला, घट्ट कपडे घालणारा ड्रॅगन. त्याचा पाठलाग करत एकामागून एक प्रदेश ओलांडायचे.

खेळ सुरू होण्याआधी तो वय आणि वजन विचारतो. ओजसचं वजन त्यांनी खरं सांगितलं. स्वतःचं सांगताना थोडं हातचं राखलं, असं वहिनी म्हणाल्या.

अकरा आठवडे मी छत सहन केलं. मग एका सकाळी पेपर झटकला आणि वर गेलो. दार उघडंच होतं. हॉलमध्ये टीव्हीसमोर बनियन आणि अर्ध्या चड्डीतले जोगळेकर जागेवर धावत होते. मांडीला पट्टी, हातात कडं, चष्मा घामाने धुरकटलेला. सोफ्यावर मांडी घालून ओजस, त्याच्या मांडीवर चिवड्याचा डबा.

“बाबा, गुडघा वर. अजून वर. काका, बसा ना, ड्रॅगॉ येणारे आता.”

उलगडा असा झाला. पहिल्या दिवशी पट्टी बांधून घ्यायच्या आधी ओजस म्हणाला होता, “बाबा, तू एकदा करून दाखव ना.” ते करून दाखवणं अजून चालू होतं.

“अहो, पण व्यायाम मुलाने करायचा होता ना?”

“तो... कथानकात... गुंतलाय,” जोगळेकर धापा टाकत म्हणाले. “बघा... त्याच्याकडे.”

यात खोटं काही नव्हतं. ओजसने मला ड्रॅगॉचा सगळा इतिहास ऐकवला. तो आणि हे कडं पूर्वी जोडीने व्यायाम करायचे, मग त्यांचं कसं फाटलं, आता ड्रॅगॉच्या पोटात काय आहे. बुवा पूर्वरंग संपवून उत्तररंगात शिरावेत तसा त्याचा आवाज लागला होता. बोलता बोलता मूठभर चिवडा तोंडात. “बाबा, थांबू नको, थांबलास तर ते पुढचं सांगत नाही.”

मला ‘चांदोबा’तलं चित्र आठवलं. अंधारी रात्र, हातात तलवार घेतलेला विक्रमराजा आणि पाठीवर प्रेतात शिरलेला वेताळ. लहानपणी मी त्या गोष्टी अधाशासारख्या वाचल्या, पण एक हिशेब तेव्हा ध्यानात आला नव्हता. गोष्टी वेताळाच्या आणि पायपीट राजाची. झाडापासून स्मशानाच्या वाटेला, राजा बोलला की पुन्हा झाडापाशी, अशा किती फेऱ्या. राजाच्या पिंढऱ्या लोखंडाच्या झाल्या असतील. वेताळ तसूभर तरी बारीक झाल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

तेवढ्यात ड्रॅगॉ आला. जोगळेकर बैठकांवर गेले. ओजसने डबा बाजूला ठेवला, सोफ्यावर उभा राहिला आणि जमिनीवर उडी मारली. धाड्. पुन्हा सोफ्यावर, पुन्हा खाली. “मार, बाबा, मार! अजून पाच!” धाड्. धाड्. ट्यूबलाइटच्या धुळीचा उगम मला सापडला. मी सवयीने मोजल्या, सतरा उड्या झाल्या. पोरगा लालबुंद झाला होता, केस कपाळाला चिकटले होते, भात्यासारखा श्वास चालला होता.

“जोगळेकर, अहो, हा बघा ना, हा उड्या मारतोय!”

जोगळेकर बैठकीत होते. मान न वळवता म्हणाले, “त्या नुसत्या उड्या हो. त्या खेळात धरत नाहीत.”

माझ्या तक्रारीचा मात्र त्यांनी मान राखला. या खेळात खालच्या मजल्यावरच्यांसाठी एक सोय आहे. आवाज नको असेल तर धावण्याऐवजी गुडघ्यांत वाकून वर-खाली व्हायचं. दुसऱ्या दिवसापासून धप्प बंद झालं. धाड् राहिलं. तिसऱ्या दिवशी जोगळेकर कठडा धरून, एकेक पायरी आडवं होत जिना उतरताना दिसले. लिफ्ट बंद होती. महिन्याभरात त्यांचं चार किलो वजन उतरलं, पँटी शिंप्याकडे गेल्या आणि गोष्टीचा परिणाम सिद्ध झाल्याचं त्यांनी सेक्रेटरींना ऐकवलं. परिणाम कुणावर, हे सेक्रेटरींनी विचारलं नाही. ते सभ्य आहेत.

माझं म्हणाल तर धप्प बंद झाल्यावर चहा बेचव लागू लागला. एकदा लिफ्टमध्ये मीच आपणहून विचारलं, “काय, पडला का ड्रॅगॉ?”

“पळाला,” जोगळेकर खालच्या आवाजात म्हणाले, आणि पहिल्यांदाच आमचा मजला येईपर्यंत आणखी काही बोलले नाहीत.

गेल्या सोमवारी ते ऑफिसच्या कामासाठी चार दिवस नागपूरला गेले. सात-दहाला वर सामसूम. सव्वासातला आमची बेल वाजली. दारात ओजस उभा, एका हातात कडं, खांद्यावर मांडीची पट्टी, काखेत चिवड्याचा डबा.

“काका, बाबा शुक्रवारी येणारे.”

“बरं मग?”

“तोपर्यंत ड्रॅगॉ काय थांबणारे का?” त्याने पट्टी माझ्या हातात दिली आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तुमचं वजन किती?”

मी काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून बायकोने आकडा सांगितला, दशांशचिन्हासकट.