पेटीवाले

रत्नागिरीत "पेटी घेतली" म्हटलं की समोरचा पहिल्यांदा विचारतो, "किती डझनी?" म्हणून आमचे पेटीवाले आधीच खुलासा करतात, "साडेतीन सप्तकांची."

ही जात अलीकडची. पेन्शन सुरू होते, मुलगा पुण्याला नि सून मीटिंगमध्ये स्थिरावते, आणि कोकणी माणसाच्या अंगात संगीत येतं. येतं ते ऑनलाइनच. वास्तविक आळीच्या टोकाला पेटी शिकवणारे गुरुजी आहेत. पण तिथं शाळकरी पोरांबरोबर सतरंजीवर बसायचं, चुकलं की बोलणी खायची, नि संध्याकाळी मारुती मंदिराच्या नाक्यावर बोभाटा. मोबाइलमधले गुरुजी बरे. ते आपलं ऐकतच नाहीत.

पेटी यायच्या आधी तीन महिने अभ्यास झाला. सूर पालिताण्याचेच हवेत, खर्ज-नर हवी, कपलर हवा, स्केलचेंजर हवा. मूळ पेटी पॅरिसच्या दबँची, हे एव्हाना सगळ्या आळीला पाठ झालंय. "आणि रेडिओनं १९४० साली हिला हाकलली, ती पार १९७१ पर्यंत!" हे सांगताना सूर असा, की यांचं शिक्षण रखडलं ते त्यामुळेच. गोविंदराव टेंबे, पी. मधुकर नि तुळशीदास बोरकर यांच्या बोटांतला फरक ते तासभर समजावतात. स्वतःची बोटं मात्र सा वरून निघतात ती पंचमावर विसाव्याला थांबतात.

पहिल्या धड्यालाच घोळ झाला. पडद्यावरचे गुरुजी समोर तोंड करून बसलेले. यांनी आरशात बघून दाढी करावी तसं केलं. डावा हात पट्ट्यांवर, उजवा भात्यावर. गुरुजी उजवीकडे सरकले की पडद्यावर ते डावीकडे जाणार, म्हणजे गुरुजींचा आरोह तो यांचा अवरोह. चार दिवस हे चाललं. शेवटी काकू घावने घालता घालता म्हणाल्या, "अहो, ते चढतायत नि तुम्ही उतरताय."

मग पदरचे पैसे मोडून रविवारचा लाइव्ह क्लास लावला. गुरुजींनी तंबोरा सुरू केला की अ‍ॅपला ती पंख्याची घरघर वाटते. ते इमानेइतबारे पुसून टाकतं. उरतात नुसते गुरुजी, माना डोलावणारे. बरं, आवाज पोचतो अर्धा सेकंद उशिरा. तीनताल जरा अंगात आला की तेवढ्यात एक मात्रा निघून जाते. गुरुजी समेवर, हे सोळाव्या मात्रेवर. "मागे पडताय काका." "मी नाही हो, नेटवर्क!" एवढं एक वाक्य त्यांचं कायम सुरात लागतं.

जुलैत आमच्याकडे मीठसुद्धा पाणी सोडतं, तिथं पेटीची काय कथा? भात्याला बुरशी आली, ती काकूंनी पुसली. धडा होता भूप, आणि भूपात मध्यम वर्ज्य. नेमकी मध्यमाची पट्टी फुगली नि खाली बसली ती बसलीच. भाता हलला की आधी मध्यम, मग बाकीचं जग. यांनी तसंच रेकॉर्डिंग करून ग्रुपवर टाकलं. सात अंगठे आले. त्यातले दोन घरातलेच.

जानेवारीत थिबा राजवाड्यातल्या आर्ट सर्कलच्या महोत्सवाला मात्र ते पुढची जागा धरतात. साथीदाराची बोटं निरखून शेजाऱ्याला हळूच सांगतात, "हा कोर्स आहे माझ्याकडे."

गणपतीत आरतीला पेटी बाहेर निघाली. भजनात वाजवणारा वाडीतला पोरगा आला, चिकटलेली पट्टी नखानं उचलून त्यानं खाली काडेपेटीचा पुठ्ठा सरकवला, नि पट्टी न विचारता सुरू झाला. आयुष्यात एक धडा घेतलेला नाही. अख्खी ओटी त्याच्यामागे गात होती. पेटीवाले झांज घेऊन मागे उभे होते. माझ्या कानाशी लागले, "बोटं चुकीची टाकतो हो."

सध्या त्यांच्याकडे तीन कोर्स आहेत. तिन्हींचा पहिला धडा पुरा झालाय. तिसऱ्याची मुदत मार्चअखेर संपते, आणि मार्चात आंबा सुरू होतो.