उन्हाचा रस्सा: नवशिक्यांसाठी सोपी कृती

साहित्य: ऊन (भरपूर), उजनीचं पाणी, शैवाल, पाणपिसवा, बारकी मासळी, एक मरळ. मीठ-मसाला आवडीप्रमाणे. वेळ: सूर्यापासून पाण्यापर्यंत आठ मिनिटं, पाण्यापासून ताटापर्यंत एखादं वर्ष.

आधी भिगवणच्या बाजूला भीमेच्या फुगवट्यावर या. उजनीचं धरण १९८० साली पूर्ण झालं, जलाशयाचं कागदोपत्री नाव यशवंतसागर, पण तसं विचारलंत तर रस्ता सापडणार नाही. शैवालाला उन्हासोबत नायट्रोजन आणि फॉस्फरसही लागतो. त्याची चिंता नको. मुळा, मुठा, पवना आणि इंद्रायणी यांच्यामार्फत पुणे-पिंपरीच्या मोऱ्यांतून तो भीमेत येतच असतो. पुण्याकडून विनाअट, विनामोबदला मिळणारी ही बहुधा एकमेव वस्तू.

आता ऊन धरा. नवशिके इथेच हात टेकतात, कारण ऊन सांडतं फार. रेमंड लिंडमन नावाच्या तरुणाने अमेरिकेतल्या मिनेसोटात सीडर बॉग नावाच्या तळ्याचा हिशेब मांडला होता. वर्षाला चौरस सेंटिमीटरमागे १,१८,८७२ कॅलरी ऊन पडलं. वनस्पतींच्या हाती लागल्या १११. हजारात एक! त्यातल्या १४.८ वनस्पती खाणाऱ्यांकडे गेल्या, त्यांना खाणाऱ्यांकडे ३.१. परीक्षकांनी हा निबंध आधी नापास केला होता. तो छापून आला १९४२च्या ऑक्टोबरात, आणि लिंडमन त्याच वर्षीच्या जूनमध्ये, सत्ताविशी गाठण्याआधीच, गेला होता. तुमची कृती पहिल्या खेपेला फसली तर एवढं आठवा.

हिरव्या पाण्यात पाणपिसवा सोडा. पुस्तकात यांना प्राणिप्लवक म्हणतात. ओंजळीत घेतलं तर उड्या मारणारे ठिपके दिसतात. इथे एक गंमत होते. कधीकधी पाण्यातलं सगळं शैवाल तोललं तर ते खाणाऱ्या पिसवांपेक्षा कमी भरतं. घाबरू नका. शैवाल एक-दोन दिवसांत दुप्पट होतं, खाल्लं की पुन्हा उगवतं, म्हणून लहान डब्यावर मोठी पंगत उठते. वजनाचा मनोरा असा उलटा उभा राहू शकतो, ऊर्जेचा मात्र कधीच नाही. पाण्याचा हिशेब वेगळा: उजनीचा साठा उन्हाळ्यात शून्याखाली जातो, पेपरात ‘वजा’ छापून येतो आणि सोलापूरकर भुवईही उचलत नाहीत. धरणाला निदान मृतसाठा असतो. पाणपिसवेला तसलं काही नाही.

पिसवा बारक्या मासळीला घाला, बारकी मासळी मरळीला. प्रत्येक पायरीवर दहातला एखादाच वाटा पुढे सरकेल, कधी थोडा कमी, कधी थोडा जास्त. बाकीचा जातो कुठे, असं विचारणाऱ्याने कांद्याची पट्टी पाहिलेली नाही. हमाली, तोलाई, भराई, वाहतूक कापून शेतकऱ्याच्या हातात काय पडतं? मासळीच्या पट्टीवरही तेच: पोहणं, श्वास, अंडी, पाणकावळ्याला चुकवणं. शिवाय जे गिळलं त्यातलं सगळं अंगी लागत नाही. ढोबळमानाने किलोभर मरळीमागे दहा किलो बारकी मासळी, तिच्यामागे शंभर किलो पिसवा, त्यांच्यामागे टनभर शैवाल. मरळ महाग का, हे कोळ्याला विचारून भांडण काढू नका.

मध्यस्थ टाळायचे असतील तर रोहित पक्ष्यांकडे पाहा. हिवाळ्यात हे पक्षी चोच उलटी करून चिखलपाणी गाळतात, शैवाल आणि बारके जीव थेट उचलतात, त्यातल्याच रंगद्रव्यांनी गुलाबी होतात. कल्पना उत्तम, पण पक्ष्याचं रक्त गरम. अंग ऊबदार ठेवण्यातच त्याची बहुतेक कमाई जळते. मासा त्या बाबतीत काटकसरी. पाणी जितकं गार तितका तो गार.

भांड्यावर झाकण ठेवू नये. म्हणजे जलपर्णी. ती ऊन वरच्यावर लाटते, खाली अंधार करते, आणि तिला खाणारं इथे फारसं कोणी नाही. मेली की कुजते, कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढते. नुसतं शैवाल माजलं तरी तोच धोका: दिवसा ते प्राणवायू सोडतं, रात्री सगळ्यांबरोबर तेही घेतं. म्हणून दाट हिरव्या पाण्यात पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडतात. कोणी त्याला मासे वर आले म्हणून शुभशकुन समजतं. मरळ तेवढी निवांत असते. तिला हवेतून श्वास घेता येतो.

उरलंसुरलं तळाशी जाऊ द्या. पाण्यात बरंचसं अन्न कोणी जिवंतपणी खातच नाही, ते मरून गाळात जातं, तिथे जिवाणू त्याचा फडशा पाडतात आणि तळ चिवडणारा मृगळ त्यावर पोट भरतो. फॉस्फरस पुन्हा शैवालाकडे जातो, ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. भांडी घासून परत वापरता येतात, जळालेला गॅस नाही.

शेवटी वाढणं. मागच्या खेपेला आम्ही चौघे फुगवट्याकाठच्या एका खानावळीत ही सगळी आकडेमोड टेबलावर मिठाने मांडून बसलो होतो. मी मरळ सांगितली. पोऱ्याने आतल्या बाजूला एक नजर टाकली.

“मरळ संपली काका. चिलापी आहे, पाहिजे तेवढी.”

चिलापी शैवाल खाते, गाळ खाते, मिळेल ते खाते. १९५२ साली भारतात आणली, तेव्हापासून तिला नावं ठेवणारे वाढले आणि तीही वाढली. मध्ये पिसवांची पायरी नाही, बारक्या मासळीची नाही. तिची पट्टी आखूड.

“चार ताटं आण,” मी म्हटलं, “आणि मीठ दे थोडं. इथलं सांडलंय.”