नव्या व्हर्जनचा अक्षराभ्यास

वसंत पंचमीला तेलंगणातल्या बासरात पाय ठेवायला जागा नसते. नांदेड, धर्माबादकडची मंडळी लेकरं कडेवर घेऊन हद्द ओलांडतात, ज्ञानसरस्वतीपुढे पाटी मांडतात आणि पहिलं अक्षर गिरवून घेतात. देवस्थानाला आमची नम्र विनंती आहे की शेजारी आणखी एक रांग लावावी, सॉफ्टवेअरच्या नव्या व्हर्जनची. लेकरू वरच्या वर्गात गेलं तरी पहिलीची मुळाक्षरं ओळखतं. सॉफ्टवेअर वर चढलं की आधी तीच विसरतं.

बासरला हा विषय नवा नाही म्हणा. हे गाव स्वतःच ११ ऑक्टोबर २०१६ रोजी आदिलाबाद जिल्ह्यातून निर्मल जिल्ह्यात अपग्रेड झालं. पत्त्यावर मात्र अजून कुणी ना कुणी आदिलाबादच लिहितो. पत्र तरीही पोचतं. पोस्टमन ‘फाईल करप्ट आहे’ म्हणून परत पाठवत नाही.

पानं जुळवायच्या पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरचं तसं नाही. आपल्याकडचे दिवाळी अंक, पतसंस्थांचे अहवाल, हरिनाम सप्ताहाची पत्रकं वर्षानुवर्षं त्यात जुळली. पुढे कंपनीने त्याची वाढ थांबवली आणि त्याच्या जागी इनडिझाइन पुढे केलं. २०१२च्या सीएस६पर्यंत इनडिझाइन पेजमेकरच्या सहा-सातच्या फायली उघडायचं. २०१३ला दरमहा भाड्याचं सीसी आलं आणि ती ओळखही संपली. म्हणजे भाडं सुरू झालं आणि घरातली जुनी खोली बंद झाली.

आता २०२३ची गोष्ट घ्या. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींसाठी निजामकाळातली दप्तरं उपसली. मोडीत लिहिलेलं, उर्दूत लिहिलेलं. वाचणारे शोधावे लागले, पण सापडले. आणि एकाही कागदाने ‘मी जुन्या व्हर्जनचा आहे’ म्हणून उघडायला नकार दिला नाही. निजामाने अपग्रेडचे पैसे मागितल्याचंही ऐकिवात नाही. पेजमेकरमध्ये जुळलेला पतसंस्थेचा २००३चा अहवाल मात्र सीडीवर सुखरूप असूनही कुणाला दिसत नाही.

समजा कुणी जुनं मशीन शोधून फाईल उघडलीच, तर आत मराठी असेलच असं नाही. त्या काळचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी बसवायचे, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. नेमका तोच फॉन्ट नसेल, तर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी कुणीतरी कीबोर्डवर बसून उठल्यासारखं दिसतं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे. पेजमेकरला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

यावर आपल्या डीटीपीवाल्यांनी रामबाण काढलाय: ‘भाऊ, कोरलची फाईल व्हर्जन डाऊन करून पाठवा, आन् कर्व्ह करून पाठवा.’ कोरलड्रॉची नवी फाईल जुन्या कोरलमध्ये उघडत नाही, म्हणून व्हर्जन डाऊन. फॉन्ट मिसिंग यायला नको, म्हणून कर्व्ह. कर्व्ह केलं की अक्षर अक्षर राहत नाही, त्याचं चित्र होतं. ते कुठेही उघडतं. फक्त टाईप करून दुरुस्त होत नाही. त्यामुळे पत्रिकेत ‘चि. दीपक’चा ‘चि. दिपक’ झाला आणि मुलाचे मामा प्रेसवर तावातावाने आले, तेव्हा ऑपरेटरने मूळ फाईल शोधली, ती उघडली नाही, आणि त्याने शांतपणे सल्ला दिला, ‘मामा, आधार कार्डावरच ऱ्हस्व करून घ्या ना. तिथे दुरुस्ती होते.’