दोन बोटे स्वर्ग

टायरची वरची कड आणि मडगार्डची कमान यांच्यामध्ये कारखान्याने सोडलेली पोकळी हा मोटारीचा जन्मजात दोष आहे असे मानणारा एक पंथ महाराष्ट्राच्या शहरांत वाढीस लागला असून, त्यात ही पोकळी बोटांनी मोजली जाते. चार बोटे शिरत असतील तर गाडी अजून संसारात आहे, दोन शिरत असतील तर स्वर्ग तेवढाच उरला आहे. पंथाची धनिक शाखा उंची कमीजास्त करता येणारे कॉइलओव्हर बसवते, तर सर्वसामान्य शाखा मूळ स्प्रिंगचे एक-दोन वेढे कटरने उतरवते. वेढे कमी झाले की उरलेली स्प्रिंग अधिक ताठ होते, हा पदार्थविज्ञानाचा नियम येथे कोणालाही न विचारता लागू होतो, आणि त्यातून मागच्या आसनावरील वडीलधाऱ्यांच्या मणक्यांना जे ज्ञान होते त्यास ‘स्पोर्टी हँडलिंग’ म्हणतात.

यानंतर अलाइनमेंटचा प्रश्न येतो, आणि त्यासाठी तीन कोनांची तोंडओळख आवश्यक ठरते. समोरून पाहिले असता चाक उभ्या रेषेपासून जेवढे कलते तो कॅम्बर. चाकाचा माथा आत झुकला तर ऋण, बाहेर झुकला तर धन. वरून पाहिले असता दोन्ही चाकांची पुढची तोंडे एकमेकांकडे वळलेली असणे म्हणजे टो-इन, आणि एकमेकांपासून फिरलेली असणे म्हणजे टो-आउट. तिसरा कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा बाजूने दिसणारा कल; वळण संपल्यावर स्टिअरिंग आपण होऊन सरळ येते ते मुख्यतः त्याच्यामुळे, पण पंथात त्याला फारसे कोणी विचारत नाही.

हे कोन कारखान्यात एका ठरावीक उंचीसाठी बेतलेले असतात. बहुतेक लहान गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर यांचा एकच उभा खांब असतो आणि खाली चाकाला धरून ठेवणारा लोअर आर्म असतो. गाडी खाली बसली की आर्मचे बाहेरचे टोक वर जाते, चाकाचा तळ बाहेर सरकतो आणि कॅम्बर ऋणाकडे झुकतो. मात्र आर्म फार वर गेला की ही चाल उलटू लागते, त्यामुळे जितकी गाडी खाली तितका कॅम्बर अधिक ही श्रद्धा भूमितीला मान्य नाही. दरम्यान स्टिअरिंगच्या रॅकपासून चाकापर्यंत जाणाऱ्या टाय रॉडचाही कल बदलतो, आणि तो आर्मच्या चालीशी जुळला नाही की टो बिघडतो. टायर खरा खातो तो हा टो. नुसते कललेले चाक निदान पुढे गडगडत राहते, टो बिघडलेले चाक प्रत्येक फेऱ्यात थोडे आडवे फरफटते. परंतु कॅम्बर डोळ्यांना दिसतो आणि टो दिसत नाही, म्हणून आळ नेहमी कॅम्बरवर येतो.

अलाइनमेंटच्या दुकानातील थ्रीडी यंत्र चारही चाकांवर लावलेल्या फलकांकडे कॅमेऱ्याने पाहते आणि मर्यादेतील आकडे हिरवे, मर्यादेबाहेरचे लाल दाखवते. ही मर्यादा उत्पादकाने मूळ उंचीच्या गाडीसाठी दिलेली असते. समोरची गाडी तर त्या उंचीची उरलेली नसते. तात्पर्य, यंत्र कमालीच्या अचूकपणे एका गैरहजर गाडीची तपासणी करत असते. कारागिराच्या पान्याच्या टप्प्यात सहसा पुढच्या चाकांचा टो तेवढा असतो: चेकनट सैल करायचा, रॉड फिरवायचा, पुन्हा आवळायचा. कॅम्बर बदलायचा तर स्ट्रटच्या तळाशी वेगळे बोल्ट घालावे लागतात, आणि मागे दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध टॉर्शन बीम असेल तर पातळ चकत्या सारण्यावाचून इलाज नसतो. लोअर आर्मचे रबरी बुश गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना आवळावेत, लिफ्टवर लटकत असताना आवळले तर ते कायमचे पिळलेले राहतात, आणि नव्या स्प्रिंग बसल्यावर काही शे किलोमीटरनंतर अलाइनमेंट पुन्हा करावे, असे सांगणारा कारागीर गिऱ्हाईक गमावतो. गिऱ्हाइकाला हवा असतो कागद. त्यावर टो हिरवा झालेला असतो, कॅम्बर लालच राहतो, आणि त्या लालीचे समर्थन ‘रेस सेटअप’ या दोन शब्दांनी केले जाते.

शर्यतीच्या गाडीला ऋण कॅम्बर देतात, कारण वेगात वळताना गाडी कलते आणि बाहेरच्या चाकावर भार येतो, तेव्हा त्याचा टायर रस्त्याला सपाट टेकावा. हिंजवडीच्या संध्याकाळच्या कोंडीत हा क्षण येण्याची शक्यता कितपत आहे, याचा ऊहापोह पंथाच्या वाङ्मयात आढळत नाही.

आपल्या रस्त्यांचा या साधनेला असलेला विरोध मात्र तपासून पाहण्याजोगा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1988च्या मार्गदर्शिकेनुसार गतिरोधक 3.7 मीटर रुंद, 10 सेंटीमीटर उंच आणि 17 मीटर त्रिज्येचा असावा. स्विफ्टच्या दोन आसांत 2.45 मीटर अंतर आहे. तेवढ्या अंतरात या कमानीचा उंचवटा साडेचार सेंटीमीटरही भरत नाही, आणि जमिनीपासून 163 मिलिमीटर पोट असलेली ही गाडी 40 मिलिमीटर खाली केली तरी ती सावकाश, पोट न घासता पलीकडे जाईल. अर्थात हे गणित त्या मार्गदर्शिकेतील गतिरोधकाचे झाले. सोसायटीच्या कार्यकारिणीने एका रात्रीत उभारलेल्या डांबरी गडाचे नव्हे. तेथे पंथीय गाडी तिरकी चालवतो, एकेक चाक चढवतो, आणि मागची वाहने हा सोहळा हॉर्न वाजवून साजरा करतात.

कायद्याची भूमिका सुटसुटीत आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 52 अन्वये उत्पादकाच्या मूळ तपशिलात बदल करण्यास मनाई असून, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये तेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवले. चार स्प्रिंग कापणे हा एक बदल की चार, यावर भाष्यकारांना बराच वाव आहे.

विक्रीची वेळ आली की माळ्यावरच्या मूळ स्प्रिंग खाली येतात (कापणाऱ्या शाखेला भंगार बाजारात जोडी शोधावी लागते), गाडी पुन्हा चार बोटांवर जाते, टाय रॉडचा कल पूर्ववत होतो, आणि खालच्या उंचीवर काटेकोर जुळवलेला टो आता उलट बाजूला चुकतो. हिरवा कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात असतोच. तो गिऱ्हाइकाला दाखवला जातो. गिऱ्हाईक उभ्याउभ्या टायरची बाहेरची नक्षी पाहून समाधान पावते, आतल्या कडेच्या तारा बघायला वाकत नाही, आणि एजंट टायरचे पैसे वेगळे लावतो.