पास आहे का?

वानखेडे स्टेडियम तिकिटांच्या भांडणातून उभं राहिलं, हे ज्याला ठाऊक नाही त्याने मुंबईच्या क्रिकेटवर तोंड उघडू नये. ब्रेबॉर्नचं मैदान क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचं. मुंबईची संघटना म्हणे, सामन्याची तिकिटं जास्त द्या. क्लब म्हणे, जमणार नाही. शेषराव वानखेडे तेव्हा संघटनेचे अध्यक्ष, आणि विधानसभेचेही. घरात भांडण झालं की माणसं वेगळी चूल मांडतात. वानखेड्यांनी चालत जाण्याच्या अंतरावर वेगळं स्टेडियमच मांडलं. जानेवारी 1975 मध्ये तिथे वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी झाली.

त्या कसोटीचं एक सीझन तिकीट आमच्याही घरात आलं. तिकीट एक आणि हक्कदार दोन, अण्णा आणि काका. दिवस वाटून घेतले. अण्णांच्या वाट्याच्या दिवशी क्लाइव्ह लॉइडने आपल्या गोलंदाजांची पार रया घालवली. गडी 242 वर नाबादच राहिला. काकांच्या वाट्याला एकनाथ सोलकर आला. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा, आणि त्याचं कसोटीतलं एकुलतं एक शतक! पुढे अण्णा असेपर्यंत दर दिवाळीला, चकलीचा पहिला तुकडा मोडला की काकांना ऐकवायचे, "तू मुद्दामच तशी वाटणी केलीस." जणू सोलकरने काकांना आधी कळवलं होतं.

खेळातल्या न्यायाची आणि हावरटपणाची माझी सगळी अक्कल मात्र चाळीच्या मागच्या बोळात तयार झाली. पहिल्या मजल्यावरच्या एका मुलाकडे बॅट होती. धोबी तलावावरून आणलेली, तेल पाजलेली, हँडलला सुतळी गुंडाळलेली. आमची स्टंपं म्हणजे भिंतीवरच्या कोळशाच्या तीन रेघा. कायदा एकच: ज्याची बॅट त्याची बॅटिंग. वन टप्पा वन हँड आम्हाला आउट, त्याला नाही. उघडउघड बोल्ड झाला तरी तो काही बोलत नसे. फक्त बॅट काखेत मारून जिना चढायला लागायचा. तिसऱ्या पायरीपर्यंत आमचा बाणा टिके. मग कोणीतरी ओरडे, "अरे नो बॉल होता रे, ये खाली!"

पुढे आयपीएल आली तेव्हा सगळ्यांना ते काहीतरी नवीन वाटलं. मला जिना आठवला.

1983 साली आपण विश्वचषक जिंकला तेव्हा बोर्डाकडे खेळाडूंना बक्षीस द्यायला पैसे नव्हते. लताबाईंनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला, वीस लाख जमले, खेळाडूंना एकेक लाख मिळाला. आता 2025 च्या हंगामासाठी लखनौने ऋषभ पंतला 27 कोटींना घेतलं आणि त्याने हंगामात धावा केल्या 269. मी रिटायर्ड माणूस, वेळ आहे आणि कॅल्क्युलेटर आहे. एका धावेला दहा लाख! हे मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. ही भाजी निवडत होती. म्हणाली, "तुमच्या पेन्शनीतून कापले का?"

मग चिडून मी दुसरा हिशेब मांडला. 2023 ते 2027 या पाच हंगामांचे प्रक्षेपणाचे हक्क विकले गेले 48,390 कोटींना. म्हणजे एका सामन्याचे सुमारे 118 कोटी, आणि दोन्ही डाव पूर्ण झाले तर एका चेंडूचे जवळजवळ 49 लाख. त्यापुढे पंत अगदीच मंडईच्या भावात पडला. तेव्हापासून खेळाडूंना हावरट म्हणणं मी सोडून दिलंय. पोरगा बिचारा चार-सहा हंगामांचा धनी. गुडघा गेला की संपलं. बॅटवाल्याचा गुडघा कधी जात नाही.

न्यायाचं म्हणाल तर पद्माकर शिवलकरांचं नाव घेतो आणि गप्प बसतो. प्रथम श्रेणीत 589 बळी, आणि कसोटी सामने शून्य. आमच्या पॅडीचा गुन्हा एवढाच, की तो बिशनसिंग बेदीच्या काळात डावखुरी फिरकी टाकत होता. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर हा खटला अजून चालू आहे; वकील बदलले, अशील गेला, निकाल नाही.

पण आम्हाला न्याय हवा असतो, हेही अर्धंच खरं. फेब्रुवारी 1980, बोर्डाच्या सुवर्णमहोत्सवाची कसोटी, याच वानखेडेवर. इंग्लंडचे पाच गडी 58 धावांत तंबूत. अंपायरने बॉब टेलरला झेलबाद दिलं. आपला कर्णधार विश्वनाथ म्हणाला, बॅट लागलेली नाही, आणि त्याला परत बोलावलं. त्या संध्याकाळी अण्णा भारावून गेले. "याला म्हणतात संस्कार!" टेलर आणि बोथमने 171 धावांची भागी केली. आपण दहा गडी राखून हरलो. अण्णांनी ट्रान्झिस्टर बंद केला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "एवढं सभ्य असायची काही गरज होती का?" आमच्या घरात विशीची थोरवी टेलरच्या पहिल्या पन्नास-साठ चेंडूंपुरतीच टिकली.

परवा भाच्याने आयपीएलचे पास आणून दिले. कंपनीचा बॉक्स, काचेच्या आतला, एसी. नफेखोरीवर मी त्याला पाऊण तास ऐकवलं, आणि पास शर्टाच्या आतल्या खिशात ठेवले.

बॉक्समधून चेंडू दिसत नाही. टीव्ही दिसतो, आणि टीव्हीत मैदान. पण पनीर टिक्का उत्तम. स्ट्रॅटेजिक टाइमआउट हा जाहिरातींसाठी काढलेला चावटपणा आहे, असं माझं 2009 पासूनचं मत. त्या दिवशी मात्र अडीच मिनिटं फारच अपुरी वाटली. रांगेत माझा नंबर येईस्तोवर खेळ सुरूसुद्धा झाला.

तेवढ्यात फोन वाजला. काकांचा मुलगा.

"दादा, टीव्हीवर दिसलास! पास होते होय? मला सांगायचंस की."

"अरे, एकच होता," मी म्हणालो.

शेजारच्या खुर्चीवर ही कुल्फी खात होती. तिने काडी तोंडातून काढली आणि माझ्याकडे पाहिलं.