मेजर, लिहून ठेवा!

शिक्रापूरहून न्हावऱ्याकडे जाताना तळेगाव ढमढेरे लागतं. अशा गावात निवृत्त फौजीने हॉटेल काढलं, की पाटीवर ‘जय जवान’ आलंच.

1971 चं युद्ध 13 दिवसांत आटोपलं, कारगिल जुलै 1999 मध्ये. हॉटेलातली उधारी मात्र युद्धबंदी मानायला तयार नाही. 26 जुलैला, कारगिल विजय दिनी, गाव या फौजीला शाल-श्रीफळ देतं. 27 ला तेच हात गल्ल्यावरची बडीशेप उचलतात, ‘‘मेजर, लिहून ठेवा!’’ (माणूस हवालदार म्हणून निवृत्त झालेला, उधारी वाढेल तशी गिऱ्हाईकच बढती देतं.)

अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 चा. त्याखालचा परवाना हॉटेलच्या भिंतीवर लावावा लागतो. शेजारीच ‘आज रोख, उद्या उधार’. परवाना निदान तपासनीस तरी वाचतो.