फवारेकाका

फवारेकाका हा पश्चिम महाराष्ट्रातील बंगल्यांच्या आणि रो-हाउसच्या वसाहतींत हमखास आढळणारा माणूस. वय साठीपुढचे. पूर्वाश्रमी कारखान्यात सुपरवायझर, बँकेत अधिकारी किंवा पाटबंधारे सोडून अन्य कोणत्याही खात्यात नोकरी. घरापुढे वीस बाय पंधरा फुटांचा हिरवळीचा तुकडा असणे ही फवारेकाका होण्याची पहिली अट आणि त्या तुकड्यावर हातात पाइप धरून उभे राहणे कमीपणाचे वाटणे ही दुसरी. एवढ्या जागेला भर उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर पाणी धरले, तरी जेमतेम १४० लिटर लागते. काकू ते पदर खोचून पंधरा मिनिटांत मारतात. काकांना तेच काम ‘आपोआप’ व्हायला हवे असते आणि ते आपोआप व्हावे म्हणून ते सकाळी सहा ते आठ खपतात.

खरेदीचा हंगाम संक्रांतीनंतरचा. पुण्याचे काका रविवार पेठेत बोहरी आळीत जातात, मुंबईकडचे लोहार चाळीत. दुकानदार दोन नग पुढे ठेवतो, एक पितळी आणि एक प्लॅस्टिकचा. काका पितळी नग उचलतात, तळहातावर जोखतात, “वा!” म्हणतात, किंमत ऐकतात आणि तितक्याच आदराने खाली ठेवतात. “पाणीच तर उडवायचंय,” असे म्हणून ते प्लॅस्टिकचे दोन नग घेतात. दुसरा ‘असू दे, लागला तर’ म्हणून. तो एप्रिलच्या आत लागतोच. पाच वर्षांत अशा नगांवर गेलेल्या पैशांत पितळी दोन आले असते. हा हिशेब काकांना पाठ असतो, पण तो ते दुसऱ्यांच्या खरेदीला लावतात.

सुरुवात बहुधा तीन हातांच्या भिरभिऱ्याने होते. हातांच्या टोकांशी तिरकी भोके असतात. पाणी एका दिशेला सुटते, हात उलट दिशेला ढकलले जातात. शाळेत शिकलेला न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. हाच फवारा पाण्यात बुडवून उलटा, म्हणजे पाणी आत ओढत चालवला तर कोणत्या बाजूला फिरेल, या प्रश्नाने रिचर्ड फाइनमन यांना प्रिन्स्टनमध्ये विद्यार्थिदशेत झपाटले होते. त्या प्रयोगात काचेचा मोठा बुधला फुटून प्रयोगशाळाभर काचा आणि पाणी झाले. काकांच्या अंगणातला प्रश्न याहून मूलभूत असतो. तिथे पाणी सरळ दिशेने सुटूनही फवारा फिरत नाही.

कारण गच्चीवर असते. टाकीतल्या पाण्याची पातळी दहा मीटर उंच असेल, तर खाली चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब मिळतो. एकमजली बंगल्यावरची टाकी सहा-सात मीटरवर, म्हणजे दाब पाऊण किलोच्याही आत. त्यातला काही अर्ध्या इंची पाइपात खर्च होतो, काही कोपऱ्या-कोपऱ्यांच्या एल्बोत. उरलेल्यावर खालच्या वायसरचे घर्षण जिंकता जिंकता भिरभिऱ्याच्या नाकी नऊ येतात. तो दोन वेढे घेतो, दम खातो आणि हातांच्या टोकांतून लाळ गाळत उभा राहतो. काका पायाने ढोसतात, तेव्हा आणखी अर्धा वेढा. यावर उपाय म्हणून टाकी उंच करण्याचा विचार काही जण करतात. ते फवारेकाकांचे पुढचे रूप होय आणि त्याचा समावेश येथे केलेला नाही.

दुसऱ्या वर्षी ‘टकटक्या’ येतो. कॅलिफोर्नियातील ग्लेंडोरा येथील ऑर्टन एंगलहार्ट यांनी हे यंत्र १९३३ मध्ये घडवले आणि १९३५ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. पाण्याची धार एका दांडीला बाजूला फेकते, स्प्रिंग तिला परत आणते आणि परतताना ती जी टपली मारते तिने सगळे डोके थोडे थोडे सरकते. शेतातले तुषार सिंचन याच तत्त्वावर चालते. पण शेतकऱ्याच्या फवाऱ्यामागे पंप असतो आणि दाब दोन-अडीच किलोंचा. काकांच्या पाऊण किलोत दांडी हलत नाही, हलली तर परतत नाही. स्वस्त नगाची स्प्रिंग मुलामा दिलेल्या लोखंडी तारेची असते आणि मुलामा पहिल्या पंधरवड्याचा सोबती.

तिसरा प्रकार झुलत्या नळीचा. आत पाण्यावर फिरणारी चक्री आणि प्लॅस्टिकचे बारीक दाते असतात. बोअरच्या पाण्यातून वाळूचा एक कण आला की दाते अडकतात आणि नळी एकाच बाजूला वाकून थांबते. ती बाजू शेजाऱ्यांची असते. फवाऱ्याला आयुष्यात एकदाच पुरेसा दाब मिळतो, तो नेमका शेजारच्या वहिनींनी अंगणात बाजेवर कुरडया घातलेल्या दिवशी. “काका, आधी बंद करा ते!” या हाकेवर काका कॉककडे न जाता फवाऱ्याकडे धावतात, कारण इतकी लांब धार त्यांनी प्रथमच पाहिलेली असते.

टिकाऊपणाबद्दल काकांचे अनुभवजन्य ज्ञान खरोखर दांडगे असते. स्वस्त प्लॅस्टिकला उन्हातले अतिनील किरण वरून पोखरतात. रंग विटतो, हात फिरवला की पांढरी भुकटी लागते आणि एके दिवशी आटा कडकन तुटून पाइपातच राहतो. त्याआधी काकांनी गळती थांबवण्यासाठी टेफ्लॉन टेपचे वीस वेढे देऊन तो पान्याने आवळलेला असतो, हे वेगळे. टेप हरली की सायकलची ट्यूब कापून बांधली जाते आणि ट्यूबनंतर एम-सील. दख्खनच्या कातळातले बोअरचे पाणी जड, त्यामुळे भोकांत क्षार साठतात. लिंबूफुलाच्या पाण्यात रात्रभर भिजत घातले तर ते सुटतात. काकांना इतका धीर नसतो. ते दाभण घेतात. भोके मोठी होतात, एकेक भोक वेगळ्या आकाराचे होते आणि होता तोही दाब संपतो.

फवारा सगळीकडे सारखा पडतो का, हे मोजण्याची शास्त्रीय रीत आहे. जे. ई. क्रिस्टियान्सेन या अमेरिकन संशोधकाने १९४२ मध्ये ती मांडली: जागोजागी भांडी ठेवायची, प्रत्येकातले पाणी सरासरीपासून किती ढळते ते काढायचे आणि त्यावरून शंभरपैकी गुण द्यायचे. उत्तम संचाला ८५ च्या आसपास मिळतात. काका यासाठी स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या बारा वाट्या मांडतात. सर्वांत आधी भरते ती पाइपाच्या सांध्याखालची. कुंपणाकडच्या तीन कोरड्या राहतात आणि एकीत मांजर तोंड घालते. संध्याकाळी आमटी वाढताना काकूंना वाट्या सापडत नाहीत आणि गुणांची बेरीज तेवढ्यावर थांबते.

मे महिन्यात पाणीकपात लागते आणि विलायती गवत पिवळे पडते. जूनच्या पहिल्या पावसानंतर त्या जागी हरळी उगवते. तिला फवारा लागत नाही, माळी लागत नाही आणि काकाही लागत नाहीत. चार दिवसांत अंगण हिरवेगार होते आणि काका ते पाहुण्यांना छत्री धरून दाखवतात.

फवारा मात्र काढून, पुसून, माळ्यावरच्या खोक्यात जातो. खोक्यात दोन हातांचे तीन भिरभिरे, स्प्रिंग नसलेला टकटक्या, आट्याविना दोन बुडे आणि मूठभर वायसर असतात. खोक्यावर स्केचपेनने, ठळक अक्षरांत, ‘चालू’ असे लिहिलेले असते.